फक्त बिबट्याचं बोला

दारणाकाठचा मळा,
देवळाली कॅम्प, नाशिक
शुक्रवार, दुपार

प्रिय यशश्री,

तुला आणि वेदिकाला पोटभर आशीर्वाद. पाकीट बघून दचकू नकोस, इकडे सगळे ठणठणीत आहेत. हातात फोन असताना सासूबाईंनी कागद कशाला काळे केले, असं तुझ्या मनात येईल. अगं, फोनवर मी चार वाक्यं बोलले की तू म्हणतेस, आई, मुद्द्याचं बोला. आणि मुद्द्यावर यायला माझं नमनालाच घडाभर तेल जातं, हे सबंध शिवाराला ठाऊक आहे. कागदाचं बरं असतं, तो मध्येच तोडत नाही आणि बाहेरही काढत नाही. हा टोमणा नाही हं. म्हणजे आहे थोडासा, पण प्रेमाचा. उद्या विश्वेश तुमच्याकडे येवल्याला येतोय, त्याच्या हाती देतेय. नीट चिकटवलंय. त्याने वाटेत उघडलं असेल तर त्याला माझ्या वतीने एक रट्टा दे. बायकोला लिहिलेलं वाचायचा हक्क त्याला असेल, पण सासूने सुनेला लिहिलेलं वाचायचा नाही.

बिबट्या सापडला, हे विश्वेशने तुला सांगितलं असेलच. बिबट्याच्या ग्रुपवर तुलाच सगळ्यात आधी कळलं असतं, पण तू ग्रुपच सोडून गेलीस असं शेजारचा राजू सांगत होता. गोटीरामच्या उसाकडेला पिंजरा लावला होता ना, त्यातच मंगळवारी सकाळी अडकलेला दिसला. चांगला धिप्पाड नर होता. वनखात्याची गाडी आली तेव्हा असा काही गलका झाला की ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल, आणि पिंजऱ्यातला बिचारा कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. इतके दिवस ज्याला शिव्या घातल्या त्याचीच मला दया आली बघ. गाडी फाट्यावरून वळून दिसेनाशी झाली आणि माझा जीव भांड्यात पडला. त्या दुपारी मी ओट्यावर पाय पसरून शेंगा फोडत बसले, मागे वळून न बघता. तुझे सासरे हातात काठी न घेता नुसतेच बांधाबांधाने हिंडून आले. गोटीरामचा ऊसही तुटला, आता आपल्या ओट्यावरून थेट फाट्यावरचं दुकान दिसतं. पोरं शाळेतून एकटी यायला लागली. वेदिकाची सायकल मी पुसून ठेवलीय आणि विश्वेशने तिच्यात हवाही भरलीय. सगळं पूर्वीसारखं झालं, फक्त तू नाहीस. बिबट्या धरेपर्यंत येवल्याला राहते म्हणाली होतीस. आता धरला. तरी फोनवर विचारलं की म्हणतेस, बघू. ‘बघू’ म्हणजे काय गं? मुलीची शाळा इथे, नवरा इथे, आणि बघू काय!

तू तो ग्रुप काढलास तेव्हा मी तुला हसले होते, आठवतं? मी म्हटलं, गावाचा ग्रुप आहे की धडधाकट, आता जनावरांसाठी वेगळा कशाला? पण गोटीरामची कालवड गेली त्या दिवशी मलाही पटलं. झुंबरबाईच्या नातवाने भर दुपारी गावाच्या ग्रुपवर टाकलं होतं की ओढ्याच्या अंगाला बिबट्या दिसला. त्याच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, खाली विंचूरचा कांद्याचा भाव, मग भावावरून भांडण, मग भांडण मिटवायला आलेल्या शहाण्यांचे अंगठे. बातमी दिवसभर तिथेच होती आणि एकानेही वाचली नाही. संध्याकाळी कालवड गेली. तेव्हा तू तावातावाने नवा ग्रुप काढलास आणि नाव ठेवलंस ‘फक्त बिबट्या’. नियम काय, तर कुठे दिसला, केव्हा दिसला, कुणी पाहिला, एवढंच लिहायचं. सुप्रभात नको, सुविचार नको, लग्नपत्रिका नको. कुणी मेलं तरी तिरडीची वेळ गावाच्या ग्रुपवर. मी म्हटलं, बाई, माणसं आहेत की पोलिस चौकी! पण लोक आले. शिवारातली अडीचशे माणसं आली, कॅम्पातल्या फौजी घरातल्या दोन-चार बायकाही आल्या. आधी सगळे नाकं मुरडत होते. मग सवय झाली.

मला मात्र सवय झाली नाही. अगं, चार माणसं जमली की माझी जीभ वळवळते, तिला मी तरी काय करू? कुणी लिहायचं, बिबट्या धोंडाबाईच्या गोठ्यामागे दिसला, आणि मी विचारायचे, तिच्या सुनेची सुटका झाली का गं, मुलगा की मुलगी? झालं! लगेच दहा जणी सांगायला पुढे. एकीने तर डिंकाच्या लाडवाचं प्रमाण टाकलं. आणि तिकडे बिबट्या कुठल्या कुठे निघून गेला. तू मला घरात नीट सांगितलंस, एकदा नाही, चारदा. मी हो हो म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उचलली जीभ लावली टाळ्याला. शेवटी एका दुपारी मोबाइल उघडून बघते तर काय, ‘यशश्रीने कुसुम यांना काढून टाकलं’. घरच्या सुनेने! तू तेव्हा स्वयंपाकघरात मला चहा गाळत होतीस आणि मी ओसरीवर ते वाचत होते. चहा आणून दिलास तो मी प्यायले, पण दोन दिवस तुझ्याशी तोंडातल्या तोंडात बोलले. गावभर हसू झालं. भाजीबाजारात एक बाई मला म्हणाली, काकू, तुम्हाला घरात तरी ठेवलंय ना? मी म्हटलं, घर माझ्या नावावर आहे.

राग आला होता, खोटं कशाला बोलू. तरी बाहेरून बघताना एक गोष्ट मला दिसत होती. कुणीतरी तो खोटा फोटो टाकला होता बघ, कुठल्याशा दुकानात गल्ल्याशी बसलेला बिबट्या. हल्ली असले फोटो मोबाइल स्वतःच बनवून देतो म्हणे. सगळं शिवार घाबरलं, पोरांना शाळेतून आणायला माणसं पळाली. तू एकटीने विचारलंस, कुठे, केव्हा, कुणी पाहिला? उत्तर नाही. फोटो उडवलास आणि टाकणाऱ्यालाही ग्रुपमधून काढलंस. तो तुझ्या सासऱ्यांचा दोस्त निघाला, आमच्याकडे जेवायचं सोडलं त्याने. पण लांडगा आला रे आला करणाऱ्याचं पुढे काय होतं ते लहान पोरालाही ठाऊक असतं. तेव्हापासून लोक म्हणायला लागले, यशश्रीच्या ग्रुपवर आलं म्हणजे खरं. मला ऐकून बरं वाटायचं. तुला सांगितलं नाही, कारण मी रुसलेली होते ना!

मग ती संध्याकाळ. आपण दोघी त्याबद्दल धड बोललोच नाही. तू तुझ्या बाजूने पाहिलंस, मी माझ्या, म्हणून माझी बाजू एकदा ऐक. मी गोठ्यात धार काढत होते. गायीने एकाएकी पान्हा चोरला आणि कान टवकारून बाहेर बघायला लागली. मी जाळीतून डोकावले. आपल्या वाटेवर ओढ्याची मोरी आहे ना, तिच्या कठड्यावर तो बसलेला, पुढचे पाय दुमडून, जणू मोरी त्यानेच बांधलीय. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. आणि तुमची यायची वेळ. वेदिका तुझ्या स्कूटरवर पुढे उभी राहते, आणि त्या मोरीपाशी खड्डा आहे म्हणून तू गाडी अगदी हळू करतेस. मोबाइल घरात चार्जिंगला. मधलं अंगण ओलांडायचं तर त्याच्या समोरून. मी गोठ्याचं दार लावून घेतलं आणि मागच्या खिडकीतून झुंबरबाईला हाक मारली. ती गच्चीवर तुरीच्या शेंगा गोळा करत होती, आणि तिचा मोबाइल कायम गळ्यातल्या पिशवीत. मी काय ओरडले असेन? बिबट्या म्हणून नाही ओरडले. दिवेलागणीला त्याचं नाव घ्यायचं नाही, घेतलं की तो घरात येतो, हे आमच्या हाडात मुरलेलं. सापाला लांबडं म्हणतात, तसं. मांजर वाघाची मावशी, मग हा तिचा भाचा. मी ओरडले, अगं झुंबरे, भाचा आलाय, मोरीवर बसलाय, यशू यायचीय, सांग सगळ्यांना!

झुंबरबाईला लिहिता येत नाही, बटण दाबून बोलता येतं. तीही माझ्यासारखीच जुनी, तिनेही नाव घेतलं नाही. घाईघाईने बोलली, कुसुमकडं भाचा आलाय, मोरीवर बसलाय. तू त्या दिवशी वेदिकाच्या नाचाच्या क्लासला जाताना ग्रुप राजूच्या ताब्यात दिला होतास. आणि राजू म्हणजे चहापेक्षा किटली गरम. शिकलेला मुलगा, शहरात सिडकोत वाढलेला, त्याला काय कळणार भाचा? त्याने तो आवाजाचा मेसेज लगेच उडवला आणि वर लिहिलं, मावशी, पाहुण्यारावळ्यांचं इथे नको, फक्त बिबट्याचं बोला! आता आठवलं की मला हसू आवरत नाही. राजू परवा आला होता, माझ्या पाया पडला. मी म्हटलं, उठ रे बाबा, पुढच्या वेळी भाचा आला की त्याला जेवायला वाढायला तुलाच बोलावते. पण तेव्हा मी गोठ्यात होते. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. झुंबरबाईने हात हलवून खूण केली, एवढंच. मी गायीच्या मानेत तोंड घालून उभी राहिले आणि स्कूटरचा आवाज येतो का ते ऐकत राहिले. यशू, मी आयुष्यात एवढी गप्प कधी बसले नव्हते. देवाचं नाव घ्यावं तर तेही सुचेना. नुसतं मनात चाललेलं, येऊ नका गं, येऊ नका.

आणि तुम्ही आला नाहीत. राजूने तो मेसेज उडवायच्या आत तू फाट्यावर ऐकला होतास. भाचा म्हणजे कोण, हे अडीचशे माणसांत तुझ्याइतकं लवकर कुणालाच कळलं नसतं, कारण तुझी मुलगी रोज जेवताना मला विचारायची, आजी, भाचा आज काय जेवला असेल? तू कपाळाला हात लावायचीस, आई, पोरीला भलतंसलतं शिकवू नका, बिबट्याला बिबट्या म्हणा. पण ऐकून ऐकून तुझ्याही कानात बसलं होतं. तू तिला दुकानात आत ढकललंस, शटर खाली ओढायला लावलंस आणि तिथून भराभर फोन फिरवलेस. मग ट्रॅक्टर आले, फटाके वाजले, लोकांनी डबे बडवले, तो उसात पसार झाला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वेदिका ओरडली, आजी, आम्ही आलो! मी दार उघडलं आणि तिथेच चिखलात बसले. तू मला उठवलंस. आपण दोघी एकमेकींना धरून रडलो, पण बोलायचं राहूनच गेलं. मला बीपीची गोळी देऊन निजवलंत, आणि सकाळी बघते तर तू पोरीला घेऊन येवल्याच्या गाडीत बसायला निघालेली. मी म्हटलं, घाबरलीय बिचारी, जाऊ दे चार दिवस माहेरी, आई-बापाजवळ मन हलकं होईल.

तू गेल्यावर इकडे ग्रुपची काय दशा झाली ते सांगते. राजूची कुणाला भीडच नाही. चारच दिवसांत पहिला सुप्रभात आला. मग धोंडाबाईच्या नातवाचं बारसं, मग कुणाची हरवलेली छत्री. तुझ्या सासऱ्यांनी दुसराच एक खोटा फोटो टाकला, चार बिबटे रांगेत पाणी पिताना. मी ओसरीवरून राजूला फोन केला आणि सांगितलं, काढ त्यांना. तो चाचरला, काकू, नानांना कसं काढू? मी म्हटलं, मला काढलं तेव्हा आभाळ कोसळलं नाही, त्यांना काढल्याने काय होतंय! काढलं. आता आम्ही दोघं ओसरीवर बाहेर काढलेली माणसं म्हणून शेजारी शेजारी बसतो. बिबट्या गेला म्हणून ग्रुपही बंद करावा असं काही जण म्हणतात. गोटीराम मात्र म्हणाला, लय शहाणपणा नका करू, नदीकाठ हाय, एक गेला तर दुसरा येणारच नाय असं कुणी लिहून दिलंय का? ग्रुप पायजे आणि यशश्री वहिनीच पायजे. हे गोटीराम म्हणाला, जो तुझ्यावर डूख धरून होता, त्याने टाकलेला कांद्याचा भाव ग्रुपवरून उडवलास म्हणून.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल दुपारी तू न्हायला गेली होतीस तेव्हा वेदिकाने तुझ्या फोनवरून मला व्हिडिओ लावला. तिला रागावू नकोस. ती म्हणाली, आजी, आई रोज रडते, आणि तिच्या आईला सांगते की मी आईंना ग्रुपमधून काढलं म्हणून वेदू मरणार होती, नाना म्हणाले तेच खरं. मी त्या संध्याकाळी गोळी घेऊन निजले होते गं, माझ्या माघारी नाना तुला काय बोलले ते मला माहीतच नव्हतं. काल त्यांना समोर बसवून विचारलं. म्हणाले, हो, बोललो मी, घरच्या माणसाला बाहेर काढलंस, तिला ग्रुपवर कळवताच आलं नाही, आज पोरीच्या जिवावर बेतलं असतं. मी त्यांना जे ऐकवलं ते कागदावर उतरवण्याजोगं नाही. कालपासून ते माझ्याशी कमी आणि गायीशी जास्त बोलतात, आणि तुला फोन करायला मोबाइल हातात घेतात नि परत ठेवतात. पण तू माझं ऐक. मी ग्रुपात होते तेव्हा रोज दिवेलागणीला देवापुढे दिवा लावायचे आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचे. मागोमाग तीस-चाळीस जणांचे जोडलेले हात यायचे. तुझा फोन त्या वेळी सारखा वाजायचा आणि तू तो बघायचं सोडून दिलं होतंस. मला काढलंस आणि ते थांबलं. संध्याकाळी तो ग्रुप वाजेनासा झाला. म्हणून त्या दिवशी वाजला तेव्हा तू फाट्यावर गाडी उभी केलीस. मी ग्रुपात असते तर त्याही संध्याकाळी दिवा लावून, फोटो टाकूनच गोठ्यात गेले असते. फाट्यावर फोन वाजल्यावर तुला वाटलं असतं, आईंचा दिवा लागला, आणि तू पोरीला पुढे उभी करून तशीच मोरीपर्यंत आली असतीस. कालपासून हे माझ्या डोक्यातून जात नाही, आणि फोनवर सांगायला गेले असते तर मला बोलताच आलं नसतं. तू मला काढलंस म्हणून आपली वेदू आहे, यशू. आता डोळे पूस आणि उद्या विश्वेशबरोबर घरी ये.

तुझीच,
आई